पंतोजीची शाळा आणि मोडी दप्तरें

(१)

मोडी कागदांचा रुमाल सोडून बसलेल्या अभ्यासकाची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते, मग मितीकडे, आणि मग लिहविणाऱ्याच्या नांवाकडे. कागद अस्सल आहे कीं नक्कल, त्यांतील मजकूर दुसऱ्या कागदांशीं जुळतो कीं नाहीं, वळण कोणत्या काळचें आहे, हे प्रश्न ओघानेंच येतात, व ते विचारल्यावांचून इतिहासाचें काम पुढें सरकत नाहीं. परंतु ह्या सर्व प्रश्नांच्या मुळाशीं असलेला एक प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. ज्या हातानें हा कागद लिहिला त्या हातास लिहावयास कोणीं शिकविलें, कोठें शिकविलें आणि कसें शिकविलें?

कुलकर्णी, देशपांडे, फडावरील कारकून, सावकाराचा मुनीम, देवस्थानाचा हिशेबनीस ह्या सर्वांचे कागद आम्हांपाशीं आहेत. हे सर्व लोक वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीं गांवच्या पंतोजीपुढें मांडी घालून बसले होते. त्या शाळेनें मराठी मुलखास लेखक पुरविले. त्या लेखकांनीं लिहिलेलीं दप्तरें राहिलीं. शाळेचें स्वतःचें दप्तर मात्र कोठेंच नाहीं. असें कां झालें, दप्तर नसतां त्या शाळेची माहिती कोणत्या मार्गानें मिळते, आणि तिच्या ज्या थोड्या खुणा अद्याप शिल्लक आहेत त्या संग्राहकांनीं कां जपाव्या, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

(२)

शाळेचें दप्तर नसण्याचें पहिलें कारण असें कीं, तिला सनद नव्हती. जेथें सरकारची देणगी असते तेथें दानपत्र, ताकीद, जमाखर्च व तंटा असे चार प्रकारचे कागद निर्माण होतात. वरिष्ठ विद्येच्या बाबतींत आपणांकडे असे पुरावे आहेत. चाळीसगांवाजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख सर्वांस ठाऊक आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला व त्या मठास निकुंभ घराण्याकडून देणग्या मिळाल्या, असें त्यावरून कळतें. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणलेल्या ह्या लेखाचा कांहीं भाग मराठींत आहे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जाई, तिचे हिशेब राहिले. इंग्रजी अंमल बसल्यावर १८२१ सालीं त्याच दक्षिणेच्या रकमेंतून विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, तिचाही कागदोपत्रीं इतिहास लिहितां येतो.

गांवच्या पंतोजीस ह्यांतील कांहींच नव्हतें. बारा बलुतेदारांत त्याची गणना नाहीं. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट ह्यांचें बलुतें पिढीजात होतें. त्याविषयीं भांडण झालें तर गोतसभेपुढें जाई व महजर होई. पंतोजीचें काम वतन नसल्यामुळें त्याचा महजरही नाहीं. मुलाच्या बापानें दिलेलें धान्य, सणावाराचा शिधा, दसऱ्यास मिळणारें एखादें वस्त्र आणि ऐपतीप्रमाणें महिन्याचे कांहीं पैसे, एवढीच त्याची प्राप्ति. शाळेस इमारत नसे. देवळाची ओवरी, एखाद्या वाड्याचा सोपा किंवा पंतोजीच्या घरची पडवी, जेथें सावली मिळेल तेथें शाळा भरे. पंतोजी गेला कीं शाळा मोडे, व दुसरा आला कीं पुन्हा भरे.

ही स्थिति केवळ पुणें प्रांताची नव्हे. बल्लारीचा कलेक्टर कँपबेल ह्यानें १८२३ सालीं आपल्या जिल्ह्यांतील शिक्षणाचा अहवाल मद्रास सरकारास पाठविला. त्यांत एकंदर ५३३ शाळा मोजल्या असून त्यांपैकीं २३ मराठी होत्या. २३५ कानडी व २२६ तेलगू होत्या. मराठी मुलखाबाहेर, तुंगभद्रेच्या दक्षिणेस, मराठी शिकविणाऱ्या इतक्या शाळा असाव्या ही गोष्ट तंजावरापर्यंत पसरलेल्या मराठी कारभाराची खूण म्हणून लक्षांत ठेवण्यासारखी आहे. परंतु आमच्या विषयास अधिक महत्त्वाची ओळ निराळी आहे. ह्या ५३३ संस्थांपैकीं एकीसही सरकारचा आश्रय नाहीं, ह्याची आपणांस लाज वाटते, अशा अर्थाची कबुली त्या अधिकाऱ्यानें दिली आहे. आश्रय नाहीं म्हणून कागद नाहीं, हें सूत्र तेथेंही खरें ठरतें.

(३)

दुसरें कारण शाळेच्या साधनांतच आहे. पंतोजीचा विद्यार्थी आरंभीं कागदावर लिहीतच नसे. तो धुळींत लिही. लांकडी फळीवर बारीक चाळलेली धूळ किंवा विटकर पसरावयाची, बोटानें अथवा लांकडी काडीनें अक्षर काढावयाचें, पंतोजीनें पाहिलें कीं हात फिरवून पुसावयाचें आणि पुन्हा काढावयाचें. हीच धूळपाटी, व तिच्यावरील अक्षरें तीं धुळाक्षरें. मोल्सवर्थ ह्यानें आपल्या मराठी-इंग्रजी कोशांत, ज्याची पहिली आवृत्ति १८३१ ची व दुसरी १८५७ ची आहे, ह्या शाळेंतील कितीएक शब्द अर्थासह नोंदले आहेत. शाळेचा कागद नाहीं, परंतु तिचा शब्दसंग्रह कोशांत राहिला. साधनांच्या अभावीं कोश हेंही साधनच होय.

ही रीति फार जुनी आहे. गणितास आपल्याकडे पाटीगणित हें नांव आहे, आणि धूलिकर्म हा शब्द गणिताचे ग्रंथकार आंकडेमोडीस लावतात. दोन्ही शब्द धूळपाटीचेच साक्षीदार आहेत. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरूनी लिहितो कीं, हिंदु लोक शाळेंत मुलांस काळ्या पाट्या देतात आणि त्यांवर पांढऱ्या द्रव्यानें डावीकडून उजवीकडे लिहितात. अर्थात् धुळीची फळी व काळी पाटी ह्या दोन्ही रीति निरनिराळ्या प्रांतीं पूर्वीपासून चालत आल्या होत्या; युरोपांतून पाटी आल्यावर लिहिणें सुरू झालें, असें मुळींच नाहीं.

पहिला धडा ‘ॐ नमः सिद्धम्’ हा. मुलांच्या तोंडीं त्याचें ओनामासीधं झालें, आणि ओनामा हा शब्द कोणत्याही कामाच्या आरंभास लागू झाला. श्रीगणेशा ह्या शब्दाची गोष्टही तशीच. सातव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत राहून गेलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग ह्यानें येथील मुलें सहाव्या वर्षीं ‘सिद्धम्’ नांवाचा धडा घेतात व सहा महिन्यांत पुरा करतात, असें लिहून ठेविलें आहे. इत्सिंगाच्या काळचा धडा आणि महाराष्ट्रांतील ओनामा ह्यांत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. राज्यें, लिपी व भाषा पालटल्या. परंतु मुलाच्या तोंडचा पहिला शब्द पालटला नाहीं. राजवंशांच्या याद्यांत अशी अखंडता क्वचितच सांपडते.

धूळपाटीवर मूळाक्षरें, बाराखडी व जोडाक्षरें झालीं म्हणजे बोरू हातीं येई. बोरू तासणें, त्यास तिरकी टांच देणें, शाई घोटणें व कागदास घोटा देणें हीं कामें मुलानें स्वतः शिकावयाचीं असत. मग पंतोजी कागदाच्या माथ्यावर एक ओळ लिहून देई. ती ओळ म्हणजे कित्ता, आणि तिच्याखालीं मुलानें तशाच ओळी गिरवावयाच्या. पोथी वाचण्यासाठीं बाळबोध व व्यवहारासाठीं मोडी, अशी विभागणी होती. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे, तो बाळबोध अक्षराविषयीं आहे. मोडींत आधीं कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरें लटकवीत, शक्य तोंवर बोरू न उचलतां, पुढें जावयाचें. चिटणिसी, बिवलकरी अशीं जीं वळणें आपण नांवानें ओळखतों, त्यांचा पाया ह्या गिरवण्यांत आहे. एका तऱ्हेचा कित्ता गिरविलेल्या मुलांचे हात जन्मभर एकमेकांसारखे चालत. दोन गांवच्या दोन कुलकर्ण्यांचें अक्षर एकाच माणसाचें वाटावें इतकें सारखें दिसतें, तेव्हां तेथें एकच पंतोजी शिकवून गेला असेल, ही शक्यता अभ्यासकानें विसरूं नये.

(४)

अक्षरानंतर आंक. ह्या भागाची पंतोजीच्या टीकाकारांनीं पुढें फार थट्टा केली. तोंडपाठ, अर्थहीन, पोपटपंची असे शब्द त्यास लावण्यांत आले. पाठांतराच्या ओझ्याविषयींची तक्रार खोटी नव्हती. तथापि हे पाढे कशासाठीं होते हें पाहिल्यावांचून त्यांचा न्याय करतां येत नाहीं. एकापासून तिसापर्यंत पाढे, आणि त्यांशिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी व औटकी. औट म्हणजे साडेतीन. मनुष्याचा देह स्वतःच्या हातानें औट हात भरतो, असें संतवाङ्मयांत वारंवार येतें तोच हा शब्द.

आतां मापें पाहावीं. दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली. वजनांत चाळीस शेरांचा मण व वीस मणांची खंडी. जमिनींत पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व एकशेंवीस बिघ्यांचा चाहूर. नाण्यांत सोळा आण्यांचा रुपया व चार आण्यांची पावली. हीं सर्व मापें अर्धें, पाव, विसावा हिस्सा अशा टप्प्यांनीं चढतात व उतरतात. सतरा बिघे जमीन, दर बिघ्यास साडेतीन रुपये आकार, तर एकूण किती? औटकी पाठ असलेला मुलगा बोरू न टेंकतां साडेएकुणसाठ सांगतो. सतरा पायल्यांची पाऊणपट किती? पाऊणकी पावणेतेरा सांगते. सावकाराचें व्याज एकोत्रा म्हणजे दरमहा दरशेंकडा एक, दुहोत्रा म्हणजे दोन. तेंही ह्याच पाठांतरानें सुटे. पाव, अर्धा व पाऊण दाखविण्यास एक, दोन व तीन उभ्या रेघा एवढीच खूण पुरे. जमाखर्चाच्या ज्या कागदांवर हे अपूर्णांक आपण वाचतों, त्यांच्या शेजारीं कच्ची आंकडेमोड क्वचितच आढळते. तिचें कारण हेंच कीं, ती मोड लिहिणाऱ्याच्या डोक्यांत झालेली असे. जमाबंदीचा कागद तपासतांना अभ्यासकास औटकी येत असेल तर लेखकाची चूक कोठें झाली हेंही त्यास सांगतां येतें.

संध्याकाळीं दिवेलागणीस सर्व मुलें एका सुरांत पाढे म्हणत. ह्यास परवचा म्हणत. धाकटा मुलगा अर्थ कळण्यापूर्वींच मोठ्यांच्या सुरांत सूर मिळवी, आणि वर्षभरानें तो पाढा पाटीवर आला म्हणजे त्याची आधींच ओळख असे.

(५)

एक पंतोजी व निरनिराळ्या पायरीवरचीं वीस-पंचवीस मुलें, हें काम चाले कसें? पुढें गेलेल्या मुलानें मागल्यास शिकवावें, ही त्याची युक्ति होती. तिचें एक जुनें परकीय वर्णन इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले ह्याचें आहे. १६२३ सालीं तो इक्केरीच्या वाटेवर असतां घाटांत एका देवळाच्या ओवरींत चार मुलें आंक शिकत असलेलीं त्यानें पाहिलीं. जमिनीवर बारीक वाळू पसरून तीं बोटानें लिहीत व लिहिलेलें सुरांत म्हणत. वाळू भरली कीं पुसून पुन्हा पसरीत. जवळ गुरु नव्हता. चुकलांत तर दुरुस्त कोण करील, असें त्यानें विचारलें. चौघेंही एकदम विसरणें शक्य नाहीं, असें उत्तर मुलांनीं दिलें. प्रवास कर्नाटकांतला आहे, महाराष्ट्रांतला नव्हे. तथापि वाळू, सूर व परस्परांनीं शिकविणें हीं तिन्ही लक्षणें आमच्या गांवठी शाळेचींच आहेत.

ह्या पद्धतीचा पुढील प्रवास मौजेचा आहे. अँड्र्यू बेल हा १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक होता. तेथील देशी शाळेंत मुलें वाळूंत लिहितात हें पाहून त्यानें ती रीति व मुलांकरवीं मुलांस शिकविण्याची योजना आपल्या आश्रमांत आणली आणि १७९७ सालीं लंडनास त्याविषयीं पुस्तक छापलें. बेल व लँकेस्टर ह्यांच्या नांवानें ती पद्धति इंग्लंडांत गाजली. तिकडे मुंबईंत १८२२ सालीं देशी शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिच्या समितीनें १८२३ सालीं देशी शाळांत चार उणिवा दाखविल्या: पुस्तकें नाहींत, सुलभ शिक्षणपद्धति नाहीं, लायक शिक्षक नाहींत व पैसा नाहीं. उपाय म्हणून लँकेस्टरच्या पद्धतीवर देशी भाषेंत पुस्तक तयार करण्याची शिफारस झाली. जी युक्ति येथल्या ओवरींतून विलायतेस गेली, तीच विलायती शोध म्हणून परत आली, आणि ज्यांच्या घरची ती होती त्यांस शिकविण्यांत आली.

(६)

ह्या शाळेचें चित्र काढतांना तिच्या काळ्या बाजू झांकणें इतिहासास शोभणार नाहीं. छडी, ओणवें उभें करणें, कान धरून उठाबशा, आढ्याच्या दोरीस लोंबकळत ठेवणें ह्या शिक्षा तेथें होत्या. कँपबेलच्या बल्लारीच्या अहवालांत अशी नोंद आहे कीं, सकाळीं प्रथम येणाऱ्या मुलाच्या तळहातावर मान म्हणून सरस्वतीचें नांव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, तिसऱ्यास हलकी छडी बसे, व त्यापुढें येणाऱ्यांस छड्या वाढत जात. एका हातावर देवतेचें नांव आणि दुसऱ्या हातावर छडीचा वळ, असा दोन टोंकांचा हा कारभार होता. सुटी अमावास्या, पौर्णिमा व सणवार यांची. वर्षाचा मोठा दिवस दसरा. त्या दिवशीं पाटीपूजन होई. एकाचे आंकडे जुळवून पाटीवर सरस्वती काढण्याची चाल महाराष्ट्रांतील घरांतून आजही दिसते. ज्या शाळेचा कागद राहिला नाहीं तिचा हा विधि मात्र राहिला.

परंतु छडीपेक्षां गंभीर गोष्ट शाळेबाहेर उभ्या राहिलेल्यांची आहे. १८२१ सालीं मुंबईच्या कौन्सिलचा सभासद प्रेंडरगास्ट ह्यानें लिहिलें कीं, आमच्या मुलखांत लहान-मोठें असें गांव क्वचितच असेल कीं जेथें निदान एक शाळा नाहीं. हें वाक्य आमच्या अभिमानास सुखावणारें असल्यामुळें वारंवार उद्धृत होतें. त्याच्या शेजारीं १८२९ सालची मुंबई इलाख्याची मोजणी ठेविली पाहिजे. देशी शाळा १,६८०, त्यांत मुलें ३३,८३८, सरकारी शाळा २५, त्यांत मुलें १,३१५, एकूण १,७०५ शाळा व ३५,१५३ मुलें, लोकसंख्या ४६,८१,७३५. म्हणजे दर देशी शाळेस सुमारें वीस मुलें, आणि दर १३३ माणसांमागें एक विद्यार्थी. मोजणींत घरगुती शिक्षण धरलेलें नव्हतें व गांवकामगारांनीं दिलेले आंकडे अपुरे असण्याचा संभव आहे, असा आक्षेप घेतां येईल. रा. वि. परुळेकर यांनीं ह्या तपासाचे मूळ कागद संपादून छापले आहेत. जिज्ञासूंनीं ते पाहून आपलें मत बनवावें. परंतु आंकडे दुप्पट धरले तरी चित्र फारसें पालटत नाहीं. ब्राह्मण, वाणी, सोनार, कासार व पाटलाच्या घरचा एखादा मुलगा येथवर शाळेची मजल होती. मुलींस पंतोजीच्या ओवरींत जागा नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस ओवरीच्या पायरीचाही स्पर्श नव्हता.

ज्या शाळेनें लेखक दिले तिनें कोणास लेखक होऊं दिलें नाहीं, हें आपल्या दप्तरांचा अर्थ लावतांना सतत ध्यानीं ठेविलें पाहिजे. महजरावर निशाणी करणाऱ्या महाराचें म्हणणें आपण वाचतों तें कुलकर्ण्याच्या बोरूंतून उतरलेलें असतें. नांगर, तराजू, वस्तरा, कट्यार अशा निशाण्या आपण कुतूहलानें नोंदतों. परंतु त्या निशाण्या म्हणजेच पंतोजीच्या शाळेची बाहेरची सीमा होय. जोतीराव फुले यांचें आरंभींचें शिक्षण गांवठी शाळेंतच झालें व कांहीं काळ खंडही पडला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनीं व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली व पुढें महार-मांगांच्या मुलांसाठींही शाळा चालविल्या. ह्या शाळांतील मुक्ता नांवाच्या मांग मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला. शेंकडों वर्षें निशाणीपुरता उरलेला समाज येथें प्रथम स्वतःच्या अक्षरांत बोलूं लागला.

पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनांत फुले यांनीं प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम सुचविला आहे. त्यांत मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें आणि हिशेब हे विषय आरंभींच आहेत. त्यांशिवाय इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतकी, नीति व आरोग्य ह्यांचे मूळ पाठ आहेत. शिक्षकास दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन नसावें, असेंही ते म्हणतात. पंतोजीची विद्या टाकाऊ होती असें ते म्हणत नाहींत. ती विद्या कुणब्याच्या मुलास मिळावी आणि शिकविणाऱ्याचें पोट शिध्यावर अवलंबून नसावें, एवढें ते मागतात. पंतोजीच्या अभ्यासक्रमाचें याहून मोठें प्रमाणपत्र दुसरें नाहीं, आणि त्याच्या शाळेवर याहून खरी टीकाही दुसरी नाहीं.

(७)

ही शाळा एका दिवसांत मोडली नाहीं. १८२६ सालीं मुंबईच्या मंडळीनें तयार केलेले चोवीस शिक्षक जिल्ह्यांतून पाठविण्यांत आले. १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांचीं ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ हीं पुस्तकें निघालीं, आणि मुलाच्या हातांत छापील गोष्ट आली. १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत स्वतंत्र शिक्षणखातें सुरू झालें. छापखान्यानें बाळबोध वाढविली. मोडी सरकारी शाळांतून आणखी कित्येक वर्षें चालू राहिली व विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्राथमिक शाळेंतून गेली. परिणाम असा झाला कीं, जें अक्षर दहा वर्षांचा मुलगा सहज वाची तें वाचावयास आज पदवीधरास स्वतंत्र वर्गांत बसावें लागतें, आणि पुणें येथील पुराभिलेखागारांतील हजारों रुमाल वाचकाची वाट पाहत पडले आहेत.

(८)

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. रुमाल सोडतांना बाराखडीचें पान, पाढ्यांची वही, एकच ओळ दहा वेळां गिरविलेला कागद किंवा पोथीच्या पुठ्ठ्यांत घातलेली पोरवयाची खरड आपणांस आढळते. त्यावर नांव नसतें, मिती नसते, शिक्का नसतो. म्हणून रद्दी समजून ती बाजूस पडते. आमचें म्हणणें असें कीं, शाळेच्या इतिहासाचें प्रत्यक्ष साधन एवढेंच उरलें आहे. धुळींतलें सर्व धुळींत गेलें. असें पान मिळालें तर तें मूळ रुमालांतून वेगळें काढूं नये. कोणत्या घराण्याच्या दप्तरांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं, कोणत्या कागदावर व शाईनें तें आहे, हें टिपून ठेवावें. शेजारच्या कागदांवरून त्याचा काळ ठरतो, आणि त्याचा काळ ठरला म्हणजे त्या गांवच्या वळणाचा काळ ठरण्यास साहाय्य होतें.

ह्यांत सावधगिरीचाही एक मुद्दा आहे. अक्षर बसल्यावर मुलांस पत्राचे मायने गिरवावयास देत. मायन्यांसाठीं मेस्तकें होतीं. कोणास तीर्थस्वरूप, कोणास राजमान्य राजश्री, कोणास अखंडित लक्ष्मी अलंकृत लिहावें हें त्यांत सांगितलेलें असे. कित्त्यासाठीं मोठ्या सरदाराचें किंवा प्रत्यक्ष पेशव्याचें नांव घालून पत्र लिहविण्यास कोणाचीच हरकत नव्हती. असा कागद पुढें त्याच घराण्याच्या दप्तरांत राहिला म्हणजे नवख्या संशोधकास तो अस्सल पत्र वाटतो. मायना पूर्ण, विनंति-उपरीपर्यंत सर्व यथासांग, पण पुढें काम कांहींच नाहीं, मिती नाहीं किंवा अर्धवट आहे, मोर्तब नाहीं, घडीच्या खुणा नाहींत, एखादी ओळ पुन्हा लिहिली आहे, अक्षर मोठें, जपून काढलेलें व ओळीच्या अखेरीस दाटलेलें: ह्यांपैकीं तीन-चार लक्षणें एकत्र दिसलीं तर तो कागद चिटणिसाचा नसून पंतोजीच्या विद्यार्थ्याचा असण्याचा संभव धरावा. तो बनावट म्हणून फेंकूं नये. ज्या कामासाठीं तो लिहिला त्या कामास तो अस्सलच आहे.

अशीं पानें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची यादी करावी, आणि शक्य तेथें त्यांचीं छायाचित्रें ह्या त्रैमासिकाकडे धाडावीं. निरनिराळ्या गांवचे पन्नास-पाऊणशें कित्ते एकत्र आले तर वळणांचा नकाशा काढतां येईल, पाढ्यांतील प्रांतभेद कळतील, आणि मराठी दप्तरें ज्या हातांनीं लिहिलीं ते हात कोठें घडले, हें अनुमानाऐवजीं पुराव्यानें सांगतां येईल.